पहिलवान क्लोन आणि दुधातलं कारस्थान

३ जानेवारी

नवी वही. ही कोणीही वाचायची नाही. तरीही सगळं स्वच्छ लिहिणार, कारण उद्या शोधावर हक्क कोणाचा असा वाद निघाला तर आपली बाजू आपल्यालाच आठवायला हवी. माणसं गोड बोलतात आणि विसरतात.

परिस्थिती अशी. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतं. तोपर्यंत अँटीबॉडी हातात आली तर मी कायम. नाही आली तर घरी. मॅडमनी, म्हणजे आमच्या डायरेक्टरनी, हे इतक्या हसतमुखाने सांगितलं की मला तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं.

काम: गायीची कास सुजली की तिला एक अँटिबायोटिक देतात. ते दुधात उतरतं. डेअरीला दारातच दूध तपासायचं किट हवंय. त्यासाठी फक्त त्या औषधाला ओळखणारी अँटीबॉडी पाहिजे. अडचण एवढीच की औषधाचा रेणू चिमुकला. उंदराला टोचला तर उंदराच्या शरीराला पत्ताही लागत नाही. म्हणून तो एका मोठ्या प्रोटीनला चिकटवून टोचायचा. गर्दीत लहान पोर दिसत नाही, काकाच्या खांद्यावर बसवलं की दिसतं, तसं. आमचा काका म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन. स्वस्त, मस्त आणि फ्रिजमध्ये हजर.

उंदीर तयार आहेत. रक्ताचे रिपोर्ट झकास. उद्या फ्यूजन.

संकल्प: १) कोणावर विश्वास ठेवायचा नाही. २) चहा कमी. ३) रोज लिहायचं.

४ जानेवारी

फ्यूजन झालं. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी अँटीबॉडी करतात पण चार दिवसांत मरतात. कॅन्सरच्या पेशी मरत नाहीत पण त्यांना काही येत नाही. दोघींना एकत्र केलं की कर्तबगार आणि अमर अशी एकच पेशी. तिलाच हायब्रिडोमा म्हणायचं. रात्री बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, म्हणजे आपलं लग्न. त्यात कोण कुठली पेशी ते मी विचारलं नाही. सासूबाई मात्र हसल्या. त्या आमच्याकडेच असतात आणि नको तिथे हसतात.

१२ जानेवारी

मधले दिवस लिहायचं राहिलं. कामच इतकं.

शेजारणीने आज विचारलं, पेशी कशा आहेत? शेजारीण म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी. सात वर्षं शेजारी आहोत. सात वर्षांत तिने माझ्या पेशींची चौकशी कधी केली नव्हती असं नाही. रोज करते. पण आज सूर वेगळा होता. मी म्हणालो, आहेत.

तिची पोस्ट कायम आहे. मग तिला काय पाहिजे? यावर विचार करायला हवा. पेशींच्या प्लेटांवर आता खरे नंबर लिहिणार नाही. टोपणनावं देणार.

१७ जानेवारी

यश! पहिली चाचणी. प्लेटच्या खळग्यांना औषध लावलेलं प्रोटीन चिकटवलं, वर माझ्या पेशी वाढलेलं पाणी घातलं; त्यातली अँटीबॉडी चिकटली की रंग येतो. एक खळगा असा पिवळाधम्मक झाला की डोळे दिपले. त्यातल्या पेशींच्या वंशाचं, म्हणजे क्लोनचं, नाव ‘पहिलवान’. बाकी बरेच मध्यम. एक अगदी फिकट, लिंबाचं सरबत पुन्हा पुन्हा पाणी घालून वाढवल्यासारखा. त्याचं नाव ‘मरतुकडा’.

शेजारीण मागे येऊन उभी राहिली होती. कधीपासून, देव जाणे. म्हणाली, छान. नुसत्या प्रोटीनवर लावून बघितलंस का? म्हणजे औषध न लावलेल्या?

आता यात किती गोष्टी आहेत बघा. एक, ‘छान’ हा शब्द. दोन, आणखी एक प्लेट म्हणजे आणखी वेळ. माझा वेळ गेला तर फायदा कोणाचा? मी हसून म्हणालो, करणार आहे. पुढच्या आठवड्यात.

२४ जानेवारी

नुसत्या प्रोटीनची प्लेट केली नाही. कारणं: बाटली तळाला आलीय. नवी मागवायची तर स्टोअरकीपरकडे सही लागते. स्टोअरकीपर आणि शेजारीण दुपारी एकाच टेबलावर डबा खातात. त्याला कळलं की तिला कळणार. ताकास तूर लागू द्यायची नाही.

शिवाय पहिलवानाकडे बघून कोणीही सांगेल की तो औषधालाच धरतोय. नजरेत भरतं ते.

३ फेब्रुवारी

इन्क्युबेटरला स्वतःचं कुलूप लावलं. चावी घरी राहिली. मी इथे, चावी तिथे आणि इन्क्युबेटरात शेजारणीच्या पेशीही होत्या, ज्यांना सकाळीच खाणं घालायचं होतं. घरी फोन केला. सासूबाई चावी रिक्षाने घेऊन आल्या आणि साऱ्या लॅबसमोर म्हणाल्या, कोण चोरणार आहे तुमचं ते गारठलेलं सूप?

शेजारणीच्या पेशी थोड्या मेल्या. ती एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी सांगून ठेव. ओरडली नाही. माणूस ओरडत नाही म्हणजे काहीतरी ठरवून बसलेला असतो.

११ फेब्रुवारी

आज खरी परीक्षा होती. पाण्यात मोजून औषध घातलं आणि पहिलवानाबरोबर प्लेटवर सोडलं. हिशेब असा: नमुन्यात औषध असलं तर अँटीबॉडी त्यालाच जाऊन धरते, प्लेटसाठी काही उरत नाही आणि पिवळा रंग उतरतो. रंग गेला म्हणजे औषध आहे.

रंग गेला नाही. कणभरही नाही. औषध वाढवलं. पहिलवान जागचा हलला नाही.

आधी घाबरलो, खोटं कशाला लिहू. मग डोकं चालवलं. पहिलवान खोटं बोलत नाही, म्हणजे बाटलीत औषधच नाही. कोणीतरी काढून पाणी भरलंय. बाटली कपाटात होती. कपाट उघडं होतं. कपाटाच्या समोर कोण बसतं?

एक किरकोळ गोष्ट. मरतुकड्याचा रंग औषधाने उतरला. पण त्यात काय? तो मुळातच उभा नव्हता, पडायला काय वेळ लागणार.

शेजारणीने मात्र नेमकी तीच ओळ बघितली. माझी प्लेट उजेडाकडे धरून किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हा मरतुकडा जपून ठेव. आजच गोठवून ठेव. तुला वेळ नसेल तर मला दे, मी ठेवते.

मला दे!

१२ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. ज्या माणसाला पहिलवान दिसतोय आणि तरी तो मरतुकडा मागतोय, त्याच्या मनात काय असेल? मला कळत नाही, पण तिला कळतंय. म्हणजे तिला तो मिळता कामा नये.

सकाळी लवकर गेलो. मरतुकड्याच्या सगळ्या प्लेटांत ब्लीच ओतलं. एकही थेंब मागे ठेवला नाही. ती आली तेव्हा मी सिंकपाशी नळ सोडून उभा होतो. तिने रिकाम्या प्लेटा बघितल्या. मग जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.

आज मोकळं वाटतंय. संकल्प क्रमांक एक पाळला.

१९ फेब्रुवारी

काय लिहू. कुठून सुरुवात करू.

औषधाची नवी बाटली आली, सीलबंद. तिच्यानेही रंग उतरत नाही. म्हणजे स्टोअरकीपरही सामील आहे हे उघड झालं. चिडून घरून डब्यात दूध घेऊन गेलो आणि पहिलवानावर सोडलं. रंग गायब. सफाचट! खळगा पाण्यासारखा स्वच्छ.

पहिलवान काम करतोय. औषध ओळखतोय. आणि आमच्या घरच्या दुधात औषध आहे. जन्मभर जे दूध पीत आलो ते.

२० फेब्रुवारी

दूधवाल्याला बंद केलं. दारातच विचारलं, गायींना काय देतोस? तो म्हणाला, चारा. मी म्हणालो, अजून? तो म्हणाला, पाणी. माणूस पढवून पाठवलेला होता.

बायको म्हणाली, अहो, दहा वर्षं दूध घालतोय तो. मी म्हणालो, तेच तर.

२७ फेब्रुवारी

चार वेगवेगळ्या दुकानांतून पिशव्या आणल्या. सगळ्यांत औषध. बाटलीतलं महाग दूध, त्यावर हिरव्या कुरणाचं चित्र. त्यातही औषध. दुधाची पावडर, तिच्यातही! दूध उकळलं, तरी औषध. एवढ्या सगळ्या डेअऱ्या एकच औषध, इतक्याच प्रमाणात घालतात, याचा अर्थ एकच. वरपर्यंत साखळी आहे.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी मोजमापाचा आलेख मागितला होता, औषध किती आणि रंग किती याचा. म्हणालो, बाटल्या सदोष येतायत, तक्रार केलीय. त्यांनी मान हलवली. कोणत्या अर्थाने हलवली ते कळलं नाही.

६ मार्च

सोयाबीनचं दूध स्वच्छ निघालं! पहिलवान त्यात ठणठणीत पिवळा राहिला. जगात एकच दूध शुद्ध आणि ते शेंगेचं. घरात आजपासून तेच.

सासूबाईंनी त्याचा चहा प्यायला आणि म्हणाल्या, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मी त्यांना परिस्थितीचं गांभीर्य सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, मग इतकी वर्षं औषध पोटात जाऊन माझे गुडघे का दुखतात?

१० मार्च

सासूबाईंच्या कपाटात शालीमागे दुधाची पिशवी सापडली. घरातही फितुरी. नमुना घेतला. औषध आहेच. बायकोने विचारलं की आता आईच्या कपाटालाही कुलूप लावणार का. मी म्हणालो, गरज पडली तर. ती बोलेनाशी झाली आहे. महिनाअखेर डेअरीवाल्यांसमोर डेमो आहे, तो झाला की कळेल सगळ्यांना.

१६ मार्च

शेजारीण रोज अकराला पँट्रीत कपभर दूध पिते. मी पेपरआडून बघतो. बिनधास्त पिते. आज बोलता बोलता म्हणाली की तिच्या दिराच्या चार गायी आहेत, दूध घरचंच.

दीर. गायी. दूध. सात वर्षं हे माझ्यापासून लपवलं. लपवलं म्हणजे, मी विचारलं नव्हतं.

आता सगळे धागे जुळले. औषध काढून घेणारी ती, मरतुकडा मागणारी ती, दूध विकणारा तिचा दीर. किट झालं की पहिला पकडला जाणार तोच.

२१ मार्च

डेमो २६ला. डेअरीचे दोघे साहेब येणार. मॅडम म्हणाल्या, खात्रीने औषध नसलेलं दूध हवं, तुलना करायला. शेजारीण लगेच म्हणाली, मी आणते दिराकडचं. त्याच्या गायींना कधी इंजेक्शनच दिलेलं नाही.

मूग गिळून गप्प. स्वतःच्या पायाने चालत येतेय तर येऊ दे.

संकल्प: डेमोच्या दिवशी आवाज चढवायचा नाही. पुरावा बोलेल.

२६ मार्च

दुपार. संडासात बसून लिहितोय, कारण टेबलावर जाववत नाही.

प्लेट लावली. शेजारणीने आणलेलं दूध घातलं, डेअरीवाल्यांनी आणलेलं घातलं. सगळे खळगे पाण्यासारखे स्वच्छ. मी शांतपणे म्हणालो की दोन्ही दुधांत औषध आहे. डेअरीच्या थोरल्या साहेबांचा चेहरा उतरला. मग मी आवाज न चढवता, निदान फारसा न चढवता, म्हणालो की हे दूध कुठून आलं ते हिला विचारा. औषधाची बाटली कोणी बदलली तेही विचारा. सगळ्यांसमोर म्हणालो. तिच्याकडे बोट करून.

ती लाल झाली.

मॅडम बोलल्या. अगदी हळू.

“उंदरांना औषध कशाला चिकटवून टोचलं होतंस?”

“गायीच्या अल्ब्युमिनला.”

“आणि प्लेटवर लावलंस ते?”

“गायीच्या अल्ब्युमिनलाच चिकटवलेलं.”

“आणि दुधात काय असतं?”

मी म्हणालो, औषध. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग मला आठवलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन तिच्या दुधातही उतरतं. प्रत्येक गायीच्या, प्रत्येक दुधात. शेंगेच्या सोडून.

मॅडमनी तिथेच नुसत्या प्रोटीनची प्लेट लावायला सांगितली. शेजारणीने लावली. डेअरीवाले चहा घेत थांबले. काळा चहा घेतला त्यांनी, दुधाचा कोणी मागितला नाही. औषधाचा लवलेश नसलेले सगळे खळगे पिवळेधम्मक झाले. पहिलवानाने औषध कधी बघितलंच नव्हतं. पोर खांद्यावर तसंच राहिलं आणि यानं काकाची कॉलर धरली होती.

धाकटे साहेब सभ्य होते. म्हणाले, पण धरलंय जोरात. या अल्ब्युमिनची अँटीबॉडी विकता येईल का? मॅडम म्हणाल्या, कोणत्याही कॅटलॉगमध्ये पानभर मिळतात.

२७ मार्च

माझी बाजू: प्रोटीन एकच वापरू नये हे मला कोणी ठणकावून सांगितलं नाही. विचारलं फक्त. विचारणं आणि सांगणं यात फरक आहे.

मॅडमनी आज जुन्या प्लेटांचे फोटो मागवले. ११ फेब्रुवारीच्या फोटोवर थांबल्या. मरतुकड्याची ओळ. जसं औषध वाढत गेलं, तसा रंग पायरी पायरीने उतरलाय. त्यांनी विचारलं, हा कुठे आहे? मी म्हणालो, नाहीये. म्हणाल्या, गोठवलेला? मी म्हणालो, नाही.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो एकच होता, म्हणाल्या. इतक्या पेशींतून औषधाला धरणारा तो एकच होता.

बचाव म्हणून मी फिकट रंगाचं बोललो. माझ्याच कानाला पटलं नाही.

२९ मार्च

दूधवाल्याला फोन केला. त्याने उचलला नाही. बायकोने केला, तिचा उचलला. उद्यापासून घालतो म्हणाला, पण साहेब दार उघडणार नसतील तर. सासूबाईंनी आजची पिशवी शालीमागून काढून उघड फ्रिजमध्ये ठेवली. मला कप आणून दिला आणि शेजारी बसल्या. टोमणा मारतील म्हणून वाट बघितली. मारला नाही.

३१ मार्च

मॅडमच्या खोलीत गेलो ते खोकं बरोबर घेऊनच, टेबलावरचं सामान भरायला. त्या म्हणाल्या, कायम नाही. प्रोजेक्ट आता शेजारणीकडे. पण तिने तुला सहा महिने मागून घेतलंय, मदतनीस म्हणून. राहतोस का?

राहतो म्हणालो. मग जिना उतरताना विचार सुरू झाला. भर सभेत जिच्यावर बोट रोखलं, ती मला ठेवून घेते? का? नजरेखाली ठेवायला? सगळ्यांना दाखवायला? तीन कारणं काढली. एकही धड बसेना.

३ एप्रिल

आज तिला विचारून टाकलं. ती हूड, म्हणजे पेशींचं काम करायचं काचेचं कपाट, पुसत होती. म्हणालो, मला ठेवून तुला काय मिळणार? ती म्हणाली, फ्यूजन तुझ्यासारखं इथे कोणाला जमत नाही, एवढंच. नवा माणूस शिकवायचा तर वर्ष जाईल. दिराचा विषय तिने काढला नाही. मी काढायला तोंड उघडलं. माफी मागायची होती. पण हूडचा पंखा फार आवाज करतो.

तिने पंखा बंद केला आणि म्हणाली, “एक विचारू? तो मरतुकडा. मी मागितला नसता तर तू ठेवला असतास ना?”

सवयीने उत्तर शोधायला लागलो. जागा नव्हती, पेशींचं खाणं संपलं होतं, रंग फिकट होता. मग म्हणालो, हो. ठेवला असता.

तिने मान हलवली. फडका पिळला, पुन्हा पुसायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “मग चुकलंच माझं. गप्प बसायला हवं होतं.”

संध्याकाळपासून हे वाक्य उलटंसुलटं करून बघतोय. त्यात डाव सापडत नाही. ती खरंच तिचीच चूक समजतेय. फार वाईट वाटतंय. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

उद्या नवे उंदीर येणार आहेत. टोचायला वेगळं प्रोटीन, प्लेटवर वेगळं, असं ती फळ्यावर लिहून गेली आहे. पिंजरे धुवायचं काम माझ्याकडे आहे.